पट्ट्यांची घडी

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दादांना मशीन लावलंय. आत सोडत नाहीत. मालनवहिनी बाहेर बाकावर बसून आहेत. मी साडेसातला हॉस्पिटलमधून निघाले. थांबून तरी काय करणार होते.

सकाळी अकराला आगीची वर्दी आली. साकीनाका, फोमच्या गाद्या बनवणारा गाळा. दसऱ्याच्या रजांमुळे गाडीवर आम्ही तिघंच. काशीराम स्टिअरिंगवर, मी त्याच्या शेजारी गल्ल्या दाखवायला, आणि मागच्या केबिनमध्ये चंद्रप्रकाशदादा एकटे. कर्णिकसाहेब मागून जीपने. गल्लीच्या तोंडाशी दोन टेम्पो आडवे! एकाचा ड्रायव्हर चहा पीत उभा. मी उडी मारून उतरले आणि त्याच्या अंगावर ओरडत सुटले. तेवढ्यात कोणीतरी बोंब मारली — आत माणूस आहे, भीमराज आत राहिलाय!

माझा सेट — पाठीवरचं हवेचं सिलिंडर आणि मास्क — घ्यायला मागचं दार उघडलं तर दादांची सीट रिकामी. त्यांचा सेट मात्र जागेवरच, सीटच्या पाठीला.

मला कळेचना. हा माणूस सत्तावीस वर्षं सांगत आलाय — सेटशिवाय धुरात पाऊल टाकलंत तर तंगडं मोडीन. आणि स्वतः?

मी सेट चढवून पोचले तोवर ते दाराशी आले होते, भीमराजला काखेत घेऊन. त्याला बाहेर ढकललं आणि स्वतः उंबऱ्यातच कोसळले. तोंड, नाकपुड्या, सगळं काळं. फोमचा धूर. दोन घोट पुरतात. भीमराज ठीक आहे, संध्याकाळी घरी सोडलं म्हणे.

स्टेशनला येऊन गाडी धुतली. सेट पुसले. दादांच्या सेटचा एक पट्टा लोंबत होता, तो ओढून घडी घातली. रजिस्टरला सही केली. हात आपोआप चालतात, डोकं दुसरीकडे.

आई म्हणाली, जेवलंस काय गो? नाही जेवले.


४ ऑक्टोबर, शनिवार

वरून दोन साहेब आले चौकशीला. गाडीचे आतून-बाहेरून फोटो काढले. मला विचारलं, सेट चालू होता का? म्हटलं, हो. रोज सकाळी मीच बघते. हवा पूर्ण भरलेली होती, मास्क धड होता. त्यांनी लिहून घेतलं.

सेट चकचकीत होते. एक साहेब म्हणाले, ठेवलंय छान. मला बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं.


५ ऑक्टोबर

दादा तसेच.


७ ऑक्टोबर, मंगळवार

काय करून बसले मी.

दुपारी कर्णिकसाहेबांनी बोलावलं. म्हणाले, परब, बस. टेबलावर फोटो पसरलेले. दादांच्या सेटच्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. "पट्टे बघ. घडी जशीच्या तशी. ह्याला हातसुद्धा लावलेला नाही त्यानं. सेट पाठीशी आणि हा तसाच पळाला. वरचे म्हणतायत, सरळसरळ निष्काळजीपणा."

मी फोटोकडे बघत राहिले. घडी माझी होती. शुक्रवारी संध्याकाळची. त्याआधी एक पट्टा लोंबत होता — पूर्ण बाहेर ओढलेला. दादांनीच ओढला होता. म्हणजे ते सेट घालत होते. एक हात गेला, दुसरा गेला नाही. दुसरा पट्टा घडीतच अडकला होता.

आणि ती घडीही माझीच.

नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल. जुन्या गाडीत सेट बाजूच्या लॉकरमध्ये आडवे रचलेले असायचे. पट्टे मोकळे राहिले की एकमेकांत गुंतायचे, दारात सापडायचे. म्हणून आवळून घडी घालायची आणि पाठीच्या गादीखाली खोचायची. मला हे शिकवलं दादांनीच, नऊ वर्षांपूर्वी. जूनमध्ये नवी गाडी आली. तिच्यात सेट सीटच्या पाठीलाच लावलेले. बसायचं, दोन्ही पट्ट्यांत हात घालायचे, कमरेचा लावायचा, उठताना खटका ओढायचा. पोचेपर्यंत माणूस तयार. पण त्यासाठी पट्टे पूर्ण ढिले सोडून ठेवावे लागतात. ट्रेनिंगला तीनदा सांगितलं होतं. मला ते लोंबते पट्टे बघवायचे नाहीत. पण सोडत होते, सांगितलं म्हणून.

खंडेनवमीला गाडीची पूजा. सगळ्या सीटा पुसल्या, सेटना झेंडूचे हार घातले. लोंबत्या पट्ट्यांवर हार बसेना. म्हणून मी सगळे आवळले, घडी घातली, खोचले. जुन्या सवयीने. झकास दिसत होतं. साहेबांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला. दसऱ्याला हार काढले. पट्टे सोडायचे राहिले. शुक्रवारी सकाळी सेट बघितले तेव्हा हवा बघितली, मास्क बघितला. पट्टे नीट दिसले म्हणून पुढे गेले.

माझा सेट मी कसा घातला मग? माझी घडी मला ठाऊक. कुठे बोट घातलं की सुटते ते मलाच ठाऊक.

साहेबांना मी यातलं काहीच सांगितलं नाही. म्हणाले, तुलाही वाईट वाटणारच, जा. मी गेले.


८ ऑक्टोबर

सकाळी सगळ्या सेटचे पट्टे ढिले केले. का, ते कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.


११ ऑक्टोबर, शनिवार

हॉस्पिटल. लांबून काचेतून बघितलं. छाती वरखाली होते ती मशीनमुळे.

वहिनींना कोणीतरी सांगितलंय. त्यांनी माझा हात पकडला. "सुगंधा, असं म्हणतात की ह्यांनी मास्क लावलाच नाही. अगं, घरात गॅस पेटवायच्या आधी खिडकी उघडणारा माणूस आहे हा. पोरींना फटाके लावू दिले नाहीत कधी. तू होतीस ना गाडीवर? काय झालं, खरं सांग मला."

मी म्हटलं, मी पुढे होते वहिनी. मला मागचं दिसलं नाही.

यात एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच जास्त घाण वाटलं. बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं आणि रिक्षात बसले. रिक्षावाला विचारतोय, कुठे? मला घाटकोपर आठवायला वेळ लागला.

आई काही विचारत नाही. फक्त ताट पुढे सरकवताना म्हणाली, "तुझ्या पोटात काय आसा ता तोंडार दिसता." मी उठून मोरीत गेले.


१२ ऑक्टोबर

सांगणार. उद्या सांगणार.


१३ ऑक्टोबर

साहेब मीटिंगला गेले होते.

खोटं. साडेतीनपर्यंत होते. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले.

कशाला घाबरते मी? सेटचं काम काढून घेतील, बाईला दिलं म्हणून असं झालं म्हणतील. म्हणू देत. ते मला सोसेल. मला भीती आहे दादांची. ते उठले आणि त्यांना कळलं, तर माझ्याकडे कसे बघतील? आणि नाही उठले तर — हा विचार मी पुरा करत नाही.


१४ ऑक्टोबर, मंगळवार

मशीन काढलं! श्वास स्वतःचा घेतायत. आमच्या गाडीवरचा देवेश स्टेशनला पेढे घेऊन आला. मी दोन खाल्ले आणि बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

ते उठले. आता ते स्वतःच सांगतील काय झालं. मला तोंड उघडायलाच नको. असा विचार माझ्या मनात आला, तो इथे लिहून ठेवते.


१७ ऑक्टोबर, शुक्रवार

त्यांना काहीच आठवत नाही.

डॉक्टर म्हणतात, धुराने असं होतं. सकाळचा चहा आठवतो, घंटा वाजल्याची आठवते, गाडीत चढले ते पुसट आठवतं. पुढे एकदम हॉस्पिटलचं छत. आठवेल की नाही, सांगता येत नाही.

आवाज गेलाय, घशातून फाटका कागद निघावा तसा येतो. मी स्टुलावर बसले. त्यांनी खूण करून जवळ बोलावलं. म्हणाले, "सॉरी गं."

मी म्हटलं, कशाला?

"तुम्हाला एवढी वर्षं शिकवलं. आणि स्वतः पळालो मूर्खासारखा. काय शिरलं डोक्यात, कळत नाही." डोळ्यांतून पाणी आलं. सत्तावीस वर्षांत ह्या माणसाला कोणी रडताना बघितलं नसेल. "साहेब येऊन गेले. म्हणाले, रिपोर्ट सगळ्या केंद्रांवर परेडला वाचून दाखवणार. काय करू नये, त्याचं उदाहरण म्हणून. बरोबरच आहे."

वहिनी खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनीही मानलंय आता. खिडकी उघडणारा माणूस वगैरे त्या आता म्हणत नाहीत.

मी तिथे सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. नर्स आली, म्हणाली वेळ संपली. मी सुटल्यासारखी उठले. नालायक आहे मी.


१८ ऑक्टोबर, शनिवार

सांगितलं साहेबांना. सकाळी आठला, दार लोटून सरळ आत.

सगळं सांगितलं. खंडेनवमीचे हार, घडी, लोंबणारा पट्टा, शुक्रवारी संध्याकाळी मी तो परत खोचला ते. उभ्यानेच बोलले. त्यांनी मध्ये अडवलं नाही. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"परब, तू त्याला भाऊ मानतेस. सगळ्या स्टेशनला माहितीये."

साहेब, त्याचा काय संबंध?

"त्याचं नाव खराब होतंय ते तुला बघवत नाही. मलाही बघवत नाही. पण पंधरा दिवस गप्प होतीस ना? चार तारखेच्या जबाबात तूच सांगितलंस, सेट ठीक होता. आज कुठून पट्टा आला?"

मी म्हटलं, साहेब, त्याच दिवशी घरी वहीत लिहून ठेवलंय.

"घरच्या वहीत तू काल लिहिलंस की तेव्हा, मला काय कळणार? जा, कामाला लाग. हे मी ऐकलं नाही, असं समज. तुझ्या चांगल्यासाठी सांगतोय."

वर हेही म्हणाले की सेट परत लॉकरमध्ये जाणार, तसं पत्र येतंय. "सीटवर ठेवून कोण घालतंय? चंद्रप्रकाशसारखा माणूस घालत नाही, तर बाकीच्यांचं काय." लॉकर म्हणजे उतरा, दार उघडा, ओढून काढा, रस्त्यात उभं राहून घाला. एक मिनिट तरी गेलंच. हेही माझ्यामुळेच. सीटवरचा सेट वाईट नव्हता, माझी टापटीप वाईट होती.

खरं सांगितलं तर ते खोटं ठरलं. गप्प बसले त्याचा हिशोब हा असा निघाला. तरीही मी लेखी दिलं. त्यांनी कागद घेतला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला.


२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. दिवसभर ड्युटी. तीन वर्द्या, तिन्ही किरकोळ — कचरा, कचरा, गॅलरीतलं शिंकाळं. प्रत्येक वेळी निघताना आधी मागे जाऊन पट्टे बघते. देवेश म्हणाला, काय गं, वेड लागलं का तुला? म्हटलं, हो.


२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

दादांना सोमवारीच घरी सोडलंय. मुलुंडला गेले. दरवर्षी जाते. वहिनींनी पाट मांडला होता, पण दादांना खाली बसवत नाही, खुर्चीवर बसले. दहा पावलं चालले की धापा. दाढी पांढरी झालीय, की आधीपासून होती आणि मी बघितली नव्हती?

ओवाळायच्या आधीच सांगायचं ठरवलं होतं. ताट हातात घेऊन ओवाळणं मला जमलं नसतं. वहिनी आणि पोरी स्वयंपाकघरात होत्या. मी खुर्चीपुढे जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. साहेबांना सांगितलं तसंच, त्याच क्रमाने. ह्यावेळी रडले नाही.

दादा ऐकत होते. मग हसायला लागले, त्याचा खोकला झाला, खोकला थांबेना. पाणी दिलं. म्हणाले, "अगं वेडे, साहेब सांगून गेले मला तू काय करतेयस ते. खोटं बोलणं तुझं काम नाही. नको बोलूस. माझ्यासाठी तर अजिबात नको."

दादा, शपथ घेऊन सांगते.

"घेऊ नकोस. मी केलं ते मी केलं. माझा निष्काळजीपणा मला घेऊ दे. तुझी अजून वीस वर्षं नोकरी आहे." डोक्यावर हात ठेवला. "अशी बहीण मिळायला नशीब लागतं."

मग वहिनी ताट घेऊन आल्या. मी ओवाळलं. निरांजन विझलं, वहिनींनी परत लावलं. घरी येताना करंज्यांचा डबा दिला. तो अजून तसाच ओट्यावर आहे. आईने विचारलं, खाऊक नाय? मी म्हटलं, तू खा.

मार खाल्ला असता तर बरं वाटलं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. हा डोक्यावरचा हात काढता येत नाही.


२४ ऑक्टोबर

झोप नाही.


६ नोव्हेंबर, गुरुवार

पत्र आलं. सोमवारी दुपारपासून सेट लॉकरमध्ये. रिपोर्टही आला. परेडला कर्णिकसाहेबांनीच वाचला, भराभर, मान वर न करता. "सुरक्षा साधन हाताशी उपलब्ध असूनही सदर कर्मचाऱ्याने त्याचा वापर करण्याचा प्रयत्न केला नाही." सदर कर्मचारी! काशीराम रांगेत उभा होता, त्याच्या जबड्याची शीर उडत होती. नंतर मला म्हणाला, यार, मी आरशात बघायला हवं होतं मागे. एकदा तरी. मी म्हटलं, तुझी चूक नाही रे. पुढचं बोलले नाही. कितीदा सांगायचं, आणि कोण ऐकणार?

दादांना आता गाडीवर पाठवणार नाहीत. वॉचरूमला बसतील, फोन घ्यायला. ट्रेनिंगचं कामही काढलं.


१० नोव्हेंबर, सोमवार

दादा सकाळी किट जमा करायला आले. बूट, हेल्मेट, सगळं पुसून आणलं होतं. सेट अजून सीटवरच होते. म्हणाले, लॉकरमध्ये जायच्या आधी एकदा बसतो गं. पायरी उंच पडली, माझा हात धरून चढले.

बसले. पाठ टेकली. दोन्ही हात न बघता पट्ट्यांत गेले — सरळ, कुठेही न अडता. आणि ते तसेच थांबले. उजवा खांदा दोनदा मागेपुढे केला. म्हणाले, "हे असं नव्हतं. उजवा येतच नव्हता."

मी खाली उभी.

बोलले, माझ्याकडे न बघता. "मी तुला हाक मारली होती, सुगंधा. दोनदा. म्हटलं, हा सोडव. तू टेम्पोवाल्याशी भांडत होतीस."

मग हात पट्ट्यांतून काढले. उतरायला मी हात पुढे केला. त्यांनी गाडीचा दांडा धरला.